अडकित्त्यातली स्प्रिंग : जुन्या मोटारीचे पुढचे सस्पेन्शन घरी सुटे करताना

पंक्चर झालेले चाक बदलण्यासाठी मोटार जॅकवर चढवली की चाक जमिनीपासून लगेच सुटत नाही, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. गाडीचे अंग वर वर जात राहते, चाक मात्र खाली लोंबत जमिनीला टेकून राहते आणि मग, पोहऱ्याचा दोर संपावा तसे, एका विशिष्ट उंचीला ते गाडीबरोबर वर येऊ लागते. हवेत आलेल्या या चाकावर आता गाडीचे वजन नाही, तेव्हा त्यामागच्या स्प्रिंगवरही भार उरला नसणार, असे कोणालाही वाटेल; आणि जुनी गाडी घराच्या आवारात स्वतःच्या हातांनी नव्याने उभी करू पाहणाऱ्या हौशी माणसाला सर्वांत महाग पडू शकणारा समज तो हाच. लोंबत्या चाकामागची स्प्रिंग अजूनही दाबलेलीच असते. चाक खाली येण्याचे थांबते ते तिचा जोर संपल्यामुळे नव्हे, तर तिला दुसऱ्या कशाने तरी अडवून धरल्यामुळे. ते अडवणारे काय आहे आणि कोणता बोल्ट काढल्यावर तो अडसर दूर होतो, हे ठाऊक असणे हा या कामाचा गाभा आहे. पाने, हातोडे आणि घाम ही त्यानंतरची बाब.

महाराष्ट्रात हा प्रश्न ज्या गाडीच्या निमित्ताने अनेकदा उभा राहतो ती म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. मूळची इटलीतील फियाट ११००. तिची ही आवृत्ती मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागली आणि १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ या नावाने विकली गेली. १०८९ घनसेंटिमीटरचे छोटे इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे कमानपाटे आणि पुढे कॉइल स्प्रिंग अशी तिची साधी रचना. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तरी खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी अजून आहेत, आणि संगणकाविना चालणारी ही गाडी पाना धरता येणाऱ्या माणसाला आजही कळण्यासारखी आहे.

दोन बेचक्या आणि एक स्प्रिंग

मागे कमानपाट्यांवर टेकलेला एकच धुरा दोन्ही चाकांना बांधून ठेवतो, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. पद्मिनीची पुढची चाके मात्र परस्परांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात. प्रत्येक बाजूला एकावर एक असे दोन आडवे दांडे असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘अप्पर आर्म’ आणि ‘लोअर आर्म’ म्हणतात. आर्मचा आकार गलोलीच्या बेचकीसारखा असतो. तिचे दोन पाय गाडीच्या सांगाड्याला बिजागरीने जोडलेले असतात, आणि दोन पाय असल्यामुळेच ब्रेक लागताना किंवा खड्ड्यावर आदळताना चाक पुढेमागे ढकलले जात नाही. बेचकीचे एकेरी टोक बाहेर, चाकाच्या बाजूला असते. वरच्या आणि खालच्या अशा दोन टोकांच्या मध्ये एक उभा भाग धरलेला असतो, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्याच्याभोवती वळते तो जाड पोलादी खुंटा, म्हणजे किंगपिन, याच भागात बसवलेला असतो.

या मांडणीच्या गाड्यांत स्प्रिंगचे खालचे टोक सहसा लोअर आर्मवर टेकते आणि वरचे टोक सांगाड्यातल्या वाटीसारख्या खोलगट जागेत बसते. जोडीला शॉक अब्सॉर्बर, म्हणजे बोलीतला ‘शॉकप’ असतो. तो गाडीचे वजन पेलतो, असा एक लोकप्रिय गैरसमज आहे. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकप बारीक छिद्रांतून तेल ढकलायला लावून तिची उसळी शमवतो, आणि तो नसेल तर गाडी एका खड्ड्यावर कितीतरी वेळ डुलत राहील. याशिवाय डाव्या आणि उजव्या आर्मना जोडणारी एक वाकवलेली सळई असते, जी वळणावर गाडीला एका अंगावर झुकू देत नाही. एक बाजू वर आणि दुसरी खाली असली की ही सळई पिळली जाते, म्हणून सस्पेन्शन काढताना गाडीच्या दोन्ही पुढच्या बाजू एकाच वेळी, सारख्याच उंचीवर उचलणे शहाणपणाचे. अन्यथा त्या सळईचा बोल्ट सोडताच ती टोकाशी झटका देते.

अडकित्त्याचे गणित

स्प्रिंगवर नेमका किती भार असतो, याचा अंदाज घरातल्या अडकित्त्यावरून करता येतो. अडकित्त्याची खीळ एका टोकाला, हाताची पकड दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मध्ये. सुपारी खिळीच्या जितकी जवळ, तितका तिच्यावरचा दाब हाताच्या जोरापेक्षा जास्त. लोअर आर्म हा असाच अडकित्ता आहे. सांगाड्याकडची बिजागरी ही खीळ, चाक म्हणजे हात, आणि मधोमध सापडलेली सुपारी म्हणजे स्प्रिंग. सुमारे ९०० किलोच्या गाडीचे निम्मे वजन पुढच्या चाकांवर आहे असे मानले, तर एका चाकाच्या वाट्याला सव्वादोनशे किलो येतात. त्यातून चाक, ड्रम आदी स्प्रिंगच्या खालचे वजन वगळले तर दोनशे किलो उरतात. स्प्रिंग आर्मच्या बरोबर मध्यावर असेल तर तिच्यावर याच्या दुप्पट, म्हणजे चारशे किलोंचा भार पडतो.

आता, केवळ उदाहरणादाखल, हा भार पेलताना स्प्रिंग तिच्या मोकळ्या लांबीपेक्षा १२ सेंटिमीटर दबलेली आहे असे समजू. गाडी उचलल्यावर चाक लोंबते आणि स्प्रिंग ५ सेंटिमीटर सैल होते, पण उरलेले ७ सेंटिमीटर ती दबलेलीच राहते. तिच्यात अजून सुमारे २३० किलोंचा जोर आहे आणि साठलेली ऊर्जा ८ किलोंचा घण एक मीटर उंचीवरून सोडण्याइतकी आहे. घण निदान पडताना दिसतो आणि खालीच पडतो. स्प्रिंग कोणत्या दिशेने उडेल हे सांगता येत नाही, आणि काम करणाऱ्याचा चेहरा तेव्हा बहुधा तिच्यापासून हातभर अंतरावर असतो.

स्प्रिंगला पूर्ण मोकळे न होऊ देणारा अडसर गाडीगणिक वेगळा असतो. काही गाड्यांत आर्म खाली येऊन सांगाड्यावरच्या रबरी ठोकळ्यावर टेकतो. काहींत मात्र पूर्ण ताणलेला शॉकप हाच आर्मला वर धरून ठेवणारा दोर असतो, आणि अशा गाडीत ‘आधी शॉकप काढू, तो सोपा आहे’ असे म्हणून त्याचा खालचा बोल्ट सोडणे म्हणजे ताणलेला दोर कापणे. म्हणून कोणताही बोल्ट सैल करण्यापूर्वी, तो निघाल्यावर हा भार कोण घेणार, याचे उत्तर तयार हवे. बहुतेक वेळा ते उत्तर ‘आर्मखाली लावलेला जॅक’ असे असते.

चौकट : अँबेसिडरची पिळलेली सळई

पद्मिनीची समकालीन अँबेसिडर ही ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती. तिच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंगच नसते. तिथे लोअर आर्मला गाडीच्या लांबीच्या दिशेने जाणारी पोलादी सळई जोडलेली असते आणि तिचे मागचे टोक सांगाड्याला पक्के धरलेले असते. चाक वर गेले की ओला पंचा पिळावा तशी ती पिळली जाते. हिला टॉर्शन बार, म्हणजे पिळाची सळई म्हणतात. गंमत अशी की कॉइल स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिच्या तारेलाही मुख्यतः पीळच पडतो, त्यामुळे कॉइल स्प्रिंग ही एका अर्थाने गुंडाळून ठेवलेली पिळाची सळईच होय. सळई सुटून उडत नाही, पण तिला जोडलेला आर्म फटका मारू शकतो, म्हणून तिचाही भार जॅकने हळूहळू उतरवावा लागतो. डावी आणि उजवी सळई वर्षानुवर्षे विरुद्ध दिशांना पिळली गेलेली असल्याने त्यांची अदलाबदल करायची नसते, आणि तिच्यावर पान्याचा ओरखडाही पडू द्यायचा नसतो, कारण पुढे वारंवार पिळताना तडा त्या ओरखड्यापासूनच सुरू होतो.

उचलण्याआधी

सगळे सुटे झाल्यावर झिजलेला भाग शोधू, ही कल्पना वाटते तितकी बरोबर नाही, कारण झीज कळते ती भाग एकमेकांत बसलेले असताना. चाक थोडे उचलून टायर वर आणि खाली असा दोन हातांनी धरून हलवला आणि खुळखुळ जाणवली, तर दोष किंगपिनमध्ये, सांध्यांत किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. ब्रेक दाबून धरल्यावर ती खुळखुळ थांबली तर बेअरिंगचा संशय बळावतो. डावीकडून आणि उजवीकडून धरून हलवताना खेळ जाणवला तर स्टिअरिंगच्या सांध्यांकडे पाहावे लागते. सपाट जमिनीवर उभ्या गाडीच्या मडगार्डची कड जमिनीपासून किती उंच आहे, हे दोन्ही बाजूंनी मोजून ठेवले तर ‘बसलेली’ स्प्रिंग कोणती, हेही आधीच कळते.

चाकांचे नट जमिनीवरच सैल करून घ्यायचे, कारण हवेतले चाक पान्याबरोबर फिरते. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावायची. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. उचललेली गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवायची आणि त्या घोड्या घट्ट बसलेल्या फरशीवर किंवा सिमेंटच्या जमिनीवर असाव्यात, कारण शहाबादी लादीचा पोकळ बसलेला तुकडा किंवा पावसाने भुसभुशीत झालेली माती एका पायाखाली खचली तर घोडी कलंडते. पद्मिनीला वेगळी चासी नाही. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे घोडी कुठे टेकवायची हा प्रश्न नाजूक होतो. रंगाखाली पत्रा कुजलेला असेल तर गाडीचे वजन त्यातून आरपार जाते, म्हणून आधी पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहणे बरे: निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, कुजका बदबदतो. पुढचा आडवा तुळईवजा भागही पुढे उतरवायचा असेल तर घोड्या त्याच्या मागे हव्यात, हे कागदावर उघड वाटते, पण ऐन कामात नेमके हेच विसरले जाते.

गंज आणि जात्याचा खुंटा

समुद्रकाठच्या हवेत आणि तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्या गाडीत पहिला विरोध करतो तो गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधल्या केसभर फटीत तो फुगला की पाचर मारल्यासारखी अवस्था होते. खाऱ्या पाण्यातले क्षार ओलावा धरून ठेवतात आणि ही क्रिया वाढवतात. यावर पहिला उपाय संयमाचा आहे. तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करून पातळ भेदक तेल टाकायचे, रात्रभर मुरू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायचे. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच गुणाने ते फटीत शिरते. नंतर नट थेट सोडण्याऐवजी आधी किंचित आवळायचा, म्हणजे गंजाचा थर मोडतो, आणि मग थोडा सोडून, थोडा परत आवळून, असे पुढे सरकायचे. नट तापवण्याचाही उपाय आहे, कारण तापलेला नट आतल्या बोल्टपेक्षा जास्त प्रसरण पावतो. पण स्प्रिंगजवळ ज्योत नेऊ नये, कारण तिच्या पोलादाला दिलेले पाणी उतरते, आणि बंद शॉकप किंवा रबराच्या शेजारी ती धोकादायकच ठरते.

पुढचा अडथळा टाय रॉडच्या टोकाचा. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या या दांड्याच्या टोकाला निमुळती खुंटी असते आणि ती तशाच निमुळत्या भोकात बसलेली असते. नट आवळला की ती आत ओढली जाते आणि जात्याचा खुंटा भोकात घट्ट रुतावा तशी रुतते. मग नट पूर्ण काढला तरी ती हलत नाही, आणि इथे नवशिका माणूस खुंटीच्या टोकावरच हातोडा हाणतो. त्याने आटे चेपतात, खुंटी मात्र जागची हलत नाही. अनुभवी मेकॅनिक खुंटीला हात लावत नाही. तो भोकाच्या भोवतालच्या जाड कड्यावर बाजूने ठोकतो, दुसऱ्या अंगाला एक जड हातोडा ऐरणीसारखा धरून. त्या आघाताने गोल भोक क्षणभर, डोळ्यांना न दिसण्याइतके, लांबट होते आणि निमुळती खुंटी आपोआप सुटून खाली पडते. नट अखेरच्या दोनतीन आट्यांवर ठेवलेला असला की ती पायावर पडत नाही. ही युक्ती पाहताना जादूसारखी वाटते, पण ती निव्वळ भूमिती आहे. यासाठी विशेष पुलर मिळतो. तो रबरी टोपणाला इजा न करता हेच काम करतो आणि भाग पुन्हा वापरायचा असेल तर तोच घ्यावा.

ब्रेकबाबत दोन गोष्टी पुरेशा आहेत. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. आणि ब्रेकची रबरी नळी सोडवल्याशिवाय ड्रमसकटचा भाग तिच्यावर लोंबू द्यायचा नाही. नळीतून ठिबकणारे द्रव रंग उतरवते, तेव्हा तोंडाला बूच आणि हाताशी पाणी हवे.

स्प्रिंग उतरवणे

आता मुख्य काम. लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली चाकांचा ट्रॉली जॅक लावून आर्म थोडा वर उचलायचा, इतका की अडसरावरचा ताण जाईल. मग शॉकप काढता येतो, आणि त्यानंतर वरचा सांधा सोडवला की लोअर आर्म फक्त जॅकवर उभा राहतो. इथून पुढे जॅक अगदी हळू उतरवत नेला तर आर्म खाली झुकतो, स्प्रिंग लांबत जाते आणि शेवटी हाताने उचलता येईल इतकी मोकळी होते. आर्म सरळ खाली येत नाही, बिजागरीभोवती कमानीत फिरतो. म्हणून जॅकची चाके त्याच्याबरोबर सरकू शकली पाहिजेत. ती खडबडीत जमिनीत अडकली तर आर्म जॅकच्या डोक्यावरून घसरतो. स्प्रिंगमधून एक साखळी ओवून ती सांगाड्याला सैल बांधून ठेवणे ही पदरचे काही न मोडता मिळणारी हमी आहे.

ही पद्धत कधी चालत नाही, हे समजणे मात्र तितकेच महत्त्वाचे आहे, कारण घरी गाडी नव्याने करणारे बहुतेक लोक आधी इंजिन काढतात. जॅकने आर्म वर दाबला जातो तो गाडीच्या पुढच्या भागाचे वजन वरून दाबून धरते म्हणून. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे शंभर किलोंहून अधिक वजन गेले, रेडिएटर, बंपर, बॉनेट, मडगार्ड गेले की ते वजन उरत नाही. जॅक मारला की स्प्रिंग दबण्याऐवजी गाडीच घोडीवरून वर उचलली जाऊ लागते. वर चार माणसे बसवून हे भागवण्याची पद्धत गॅरेजमध्ये दिसते, पण ती माणसे नेमकी चुकीच्या क्षणी उतरतात. अशा वेळी दोनच मार्ग उरतात: सस्पेन्शन इंजिनाच्या आधी काढणे, किंवा स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरणे. कॉम्प्रेसर म्हणजे आट्यांचा लांब दांडा, जो स्प्रिंगच्या वेढ्यांना हुक अडकवून किंवा शॉकपच्या भोकातून आत जाऊन तिला तिच्यातच आवळून धरतो. गाडीच्या वजनाची त्याला गरज लागत नाही. बाहेरून लावायचे हुक समोरासमोर आणि सारखे आवळावे लागतात, नाहीतर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. आवळलेली स्प्रिंग तशीच कोपऱ्यात ठेवणे ही मात्र भरलेली बंदूक ठेवण्याइतकी वाईट सवय आहे. ती लगेच सैल करून ठेवावी.

सुटलेले भाग

आर्मचा बिजागरीचा दांडा सांगाड्याला ज्या बोल्टांनी धरलेला असतो, तिथे अनेक जुन्या गाड्यांत पातळ पत्र्याच्या चकत्या सापडतात. त्यांना शिम म्हणतात. रद्दीतल्या वाटणाऱ्या या चकत्यांनी चाकाचा उभा कल ठरवलेला असतो. कोणत्या बोल्टखाली किती होत्या हे न लिहिता त्या एका डब्यात टाकल्या तर गाडी जोडल्यावर एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतात. म्हणून प्रत्येक बोल्टाच्या चकत्या वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवायच्या आणि छायाचित्रे काढायची ती भाग सुटण्यापूर्वी. मोकळ्या स्प्रिंगा शेजारी उभ्या करून त्यांची लांबी ताडून पाहावी. लांबीत फरक असेल तर दोन्ही एकदम बदलाव्यात. गाडी ‘खाली बसवण्यासाठी’ स्प्रिंगचा वेढा कापण्याची हौस काहींना असते. वेढे कमी झाले की उरलेली तार आखूड होते आणि स्प्रिंग अधिक ताठर होते, शिवाय कापलेले टोक वाटीत नीट बसत नाही. जुनी गाडी मूळ रूपात आणण्याच्या कामात याला जागा नाही.

बिजागरीत बसवलेल्या रबरी बुशांचा स्वभाव अजून वेगळा. यातल्या अनेक बुशांत रबर आतल्या आणि बाहेरच्या पोलादी नळीला चिकटवलेले असते. आर्म हलतो तेव्हा बुश घासत फिरत नाही, रबर आतल्या आत पिळते आणि परत येते. नवे बुश बसवून आर्म हवेत लोंबत असतानाच बिजागरीचे नट घट्ट आवळले, तर रबराची विश्रांतीची जागा ती लोंबती अवस्थाच ठरते. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून जोडणी करताना हे नट आधी फक्त बोटांनी आवळून ठेवतात. चाके चढतात, इंजिन परत येते, गाडी घोड्यांवरून उतरते, दोनदा पुढेमागे ढकलून आणि मडगार्डवर हाताने दाबून तिला तिच्या नेहमीच्या उंचीवर बसू दिले जाते, आणि मग कोणीतरी पाना घेऊन खाली शिरून, आता पुन्हा चारशे किलोंचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगशेजारी, ते शेवटचे नट पक्के आवळतो.